गॅरेजमध्ये पाणी शिरतंय? रबरपट्टीचं सगळ्यात शेवटी बघा

जून तोंडावर आला की हार्डवेअरच्या दुकानांत शटरखाली लावायच्या रबरपट्टीला गिऱ्हाईक वाढतं. पट्टी लागते, पहिला दणक्याचा पाऊस होतो आणि सकाळी गॅरेजमध्ये पुन्हा घोटाभर पाणी. मग दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली जातात. त्यात त्याची चूक नसते. शटरवर उडणारे थेंब आणि वाऱ्याने आत ढकललेली पातळ धार रोखणं एवढंच रबराचं काम. दारात साचलेलं पाणी अडवणं त्याला जमत नाही.

साधा हिशोब करा. आठ फूट रुंदीच्या शटरसमोर एक फूट पाणी उभं राहिलं, तर त्याचा रेटा साधारण ११० किलोंचा असतो. दोन फूट झालं की दुप्पट नाही, चौपट, म्हणजे साडेचारशे किलोंच्या घरात. पत्र्याच्या पट्ट्यांचं शटर या रेट्याने आत फुगतं, खालची कड उचलली जाते आणि रबर जागच्या जागी राहून पाणी त्याच्या बगलेतून आत येतं. त्यामुळे पाणी शटरपर्यंत पोचूच नये, ही खरी लढाई. पुढचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे: आधी गच्ची, मग अंगण, मग चर आणि सगळ्यात शेवटी शटर. बंगला, रो-हाउस किंवा गावाकडच्या घराला लागून असलेलं गॅरेज डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग हा वेगळा विषय आहे, तो इथे घेत नाही.

आधी चोर कुठून येतो ते पाहा

एप्रिल-मे महिन्यातला वळीव ही फुकटात मिळणारी परीक्षा आहे. तो थोडा वेळ पडतो पण जोरात पडतो, आणि त्यानंतर दुरुस्तीला हातात वेळ असतो. वळीव सुरू झाला की छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि मोबाइलवर सलग चित्रण करा: गच्चीचे पाइप कुठे ओततायत, अंगणातलं पाणी कुठल्या बाजूला पळतंय, रस्त्यावरचं पाणी फाटकातून आत येतंय का, शटरवर झड किती उंचीपर्यंत बसते. पाऊस थांबल्यावर जिथे जिथे पाणी साचलंय, त्या डबक्यांभोवती खडूने रेघ मारून ठेवा. गवंड्याला तोंडी सांगण्यापेक्षा ही रेघ दाखवलेली बरी.

वळीव हुकला तर बागेची नळी वापरा. मात्र एकदम सगळीकडे पाणी मारू नका. आधी फक्त रॅम्पवर दहा मिनिटं सोडा, आत जाऊन पाहा. मग शटरच्या खालच्या कडेवर, मग दोन्ही बाजूंच्या गाइडवर, मग वरच्या पेटीवर. खालून वर जायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पोचतात आणि गळती नेमकी कुठली हे शेवटपर्यंत कळत नाही.

फरशी ओली दिसते पण पाणी कुठून येताना दिसत नाही, असंही होतं. अशा वेळी दोन फूट बाय दोन फुटांचा जाड प्लॅस्टिकचा कागद कोरड्या केलेल्या फरशीवर पसरा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस ठेवा. कागदाच्या खालच्या अंगाला थेंब जमले तर ओल जमिनीतून वर येतेय. खाली कोरडं आणि वरच्या अंगाला दव असेल, तर ती हवेतली वाफ गार फरशीवर बसतेय. तिच्यावर उपाय खेळती हवा, वॉटरप्रूफिंग नव्हे. जुलैत दमट हवेने घामेजलेल्या फरशीसाठी लोक विनाकारण रसायनं विकत घेतात.

गच्चीचा पाइप: सगळ्यात मोठा, सगळ्यात दुर्लक्षित

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे एवढं लक्षात ठेवलं की निम्मे प्रश्न कागदावरच सुटतात. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. ताशी १०० मिलिमीटरचा जोर धरा. एवढा पाऊस तासभर टिकायलाच हवा असं नाही, दहा-पंधरा मिनिटांची सर या वेगाने येऊन जाते. तेवढ्यात गच्चीवरून मिनिटाला १५५ लिटर पाणी उतरतं. आता गॅरेजसमोरचा दहा बाय वीस फुटांचा रॅम्प पाहा. त्याच्यावर थेट पडणारा पाऊस मिनिटाला जेमतेम ३१ लिटर. म्हणजे गच्चीचा पाइप रॅम्पवर मोकळा सोडला असेल, तर रॅम्पवर पडणाऱ्या पावसाच्या पाचपट पाणी आपण स्वतःच दारात आणून ओततोय.

गच्चीला बहुधा दोन-तीन पाइप असतात आणि त्यांतला एक तरी गॅरेजच्या कोपऱ्यात उतरलेला असतो, कारण बांधताना तो कोपरा सोयीचा होता. पहिलं काम त्याला तिथून हलवणं. खालचं तोंड बेंड लावून फिरवा आणि ४ इंची पीव्हीसी पाइपने, जमिनीखालून, पाणी थेट पावसाळी गटारापर्यंत न्या. ढाळ फुटाला एक सूत ठेवा. (इंचाचे आठ सूत, म्हणजे हा साधारण शंभराला एक उतार.) या ढाळावर ४ इंची पाइप भरून वाहिला, तर मिनिटाला साडेतीनशे लिटरच्या आसपास पाणी नेतो, तेव्हा एका गच्चीला तो पुरून उरतो. अट एकच, मध्ये काटकोनी एल्बो कमी असावेत आणि प्रत्येक वळणाला उघडता येणारं झाकण असावं. पेरूची नि आंब्याची पानं कुठे अडकतील याचा अंदाज आधी कुणालाच येत नाही.

गटार लांब असेल तर पाणी टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाला वळवा. पावसाचं पाणी साठवणाऱ्या घरांना काही महापालिका मालमत्ता करात सवलत देतात, तीही पाहून ठेवा.

पत्र्याची शेड गॅरेजच्या तोंडावर उतरत असेल तर तिच्या कडेच्या पागोळ्या नेमक्या शटरपुढे पडतात आणि तिथून उसळून शटरवर येतात. कडेला ६ इंची पन्हाळ लावली की हा त्रास जातो. शेजाऱ्याच्या पत्र्याच्या पागोळ्या आपल्या अंगणात पडत असतील तर हे बोलणं उन्हाळ्यात, शक्यतो चहाच्या कपावर करावं. भर पावसात केलेलं बोलणं भांडणावर जातं.

ढाळ: नळीने मोजा, डोळ्याने नको

अंगण सपाट दिसतं, पण असतं क्वचितच. मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याची पाण्याची नळी पुरते. पारदर्शक नळीत पाणी भरा, आत एकही बुडबुडा नको. एक टोक शटरच्या चौकटीशी, दुसरं फाटकाशी धरा. दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर दोन्ही ठिकाणी मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे तुमचा ढाळ. शटरपाशी अंतर जास्त भरलं, तर पाणी तुमच्याच दारात येणार. असं मोजमाप किमान चार ठिकाणी घ्या, कारण पेव्हर ब्लॉक बसलेल्या अंगणात गाडीच्या चाकांच्या जागा हमखास खचलेल्या असतात.

शटरसमोरच्या शेवटच्या तीन-चार फुटांत जमीन घरापासून दूर उतरली पाहिजे, फुटाला दोन सूत. चार फुटांत एक इंच. एवढा उतार पायाला जाणवत नाही, पण पाणी मुकाट्याने निघून जातं.

पेव्हर असतील तर काम सोपं: ब्लॉक उचला, खालची कच भरून, धुम्मस करून पुन्हा बसवा. कोबा असेल तर मात्र घाई करू नका. जुन्या कोब्यावर अर्धा इंच सिमेंट-वाळूचा थर ओढून ढाळ देणारे पुष्कळ भेटतील. तो थर गाडीच्या चाकाखाली पहिल्याच वर्षी सुटतो. जुन्या कोब्याला टाचे मारून तो खडबडीत करा, धुवा, सिमेंटची स्लरी मारा आणि किमान दोन इंचांचं बारीक खडीचं काँक्रीट घाला. आठवडाभर पाणी मारा, गाडी दोन आठवड्यांनंतर चढवा. म्हणजे हे काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायला हवं. वेधशाळेचा अंदाज ऐकून गवंड्याला फोन करणाऱ्याला तो ऑक्टोबरची तारीख देतो.

उंबरठ्याचीही एक गोष्ट आहे. गॅरेजची फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा किमान एक इंच वर हवी आणि शटर त्या पायरीच्या बाहेर, खालच्या पातळीवर टेकलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी शटर आतल्या फरशीवरच टेकतं. मग शटरवर आपटलेला पाऊस पट्ट्यांवरून ओघळत खाली येतो आणि सरळ आत जातो, त्याला अडवायला काहीच नसतं. नवीन बांधकाम असेल तर हे आधीच सांगा. जुन्या गॅरेजमध्ये शटरच्या रेषेच्या आतल्या अंगाला एक इंच उंचीचा, दोन्ही बाजूंनी निमुळता सिमेंटचा बांध घातला तरी भागतं.

शटरसमोरची चर

ढाळ दुरुस्त करूनही उरलेलं पाणी पकडायला शटरपुढे फूटभर अंतरावर आडवी चर हवी. ती शटरच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे सहा-सहा इंच जास्त काढा, नाहीतर पाणी टोकाला वळसा घालून येतं. रुंदी सहा इंच. खोली सुरुवातीला चार इंच, आणि तळाला फुटाला एक सूत ढाळ धरला तर दहा फुटांच्या चरीत शेवटी सव्वापाच-साडेपाच इंच होते. तळ घोटून गोलसर केला तर गाळ बसत नाही.

जाळी बिडाची घ्या, नाहीतर वेल्डिंगवाल्याकडून जाड पट्ट्यांची करून घ्या. घरगुती नाहणीची पातळ जाळी गाडीखाली वाकते. तीन गोष्टी करून घेताना बजावून सांगा. एक, जाळी दोन-दोन फुटांच्या तुकड्यांत हवी, म्हणजे एकट्या माणसाला उचलून साफ करता येते. अखंड जाळी एकदा बसली की पुन्हा कुणी उचलत नाही. दोन, ती ज्या लोखंडी अँगलवर टेकते तो काँक्रीटमध्ये नीट गाडलेला हवा, प्लॅस्टरमध्ये चिकटवलेला नको. तीन, जाळी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा एक सूत खाली हवी. ती वर राहिली तर उतारावरून वेगाने आलेलं पाणी तिच्या कडेला अडतं किंवा तिच्यावरून उडी मारून पलीकडे जातं. पैसे खर्चून केलेली चर कोरडी आणि गॅरेज ओलं, हे दृश्य बघायला मिळतं ते यामुळेच.

चरीच्या शेवटी दीड फूट बाय दीड फुटांचं गाळाचं चेंबर बांधा. त्यातून बाहेर जाणारा पाइप तळापासून सहा इंच वर घ्या. माती खाली बसते, पाणी वरून जातं, चेंबर महिन्याला एकदा उपसायचं.

पुढे हे पाणी जातं कुठे, ही यातली खरी मेख. मैल्याच्या चेंबरला ते जोडू नका. मोठ्या पावसात ती लाइन भरते आणि उलटी वाहते, मग गॅरेजमध्ये काय येतं ते सांगायला नको. पावसाळी गटाराला जोडायचं तर आधी त्याची पातळी नळीने मोजा. गटार चरीच्या तळापेक्षा वर असेल तर पाइप टाकण्यात अर्थ नाही. शोषखड्ड्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो जमिनीवर अवलंबून आहे. काळ्या चिकण मातीत पाणी मुरतच नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला खाली अखंड काळा पाषाण लागला तर खड्डा म्हणजे नुसती टाकी. कोकणातल्या जांभ्यात जूनमध्ये झकास मुरतं आणि जुलैत जमीन पोटभर प्यायल्यावर तोच खड्डा वरपर्यंत भरून राहतो. खणण्याआधी दोन फुटांचा खड्डा करून त्यात पाणी भरा. पहिलं पाणी मुरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्यांदा ते तासाभरात हललंही नाही, तर शोषखड्ड्याचा विचार सोडून द्या. खड्डा केलाच तर पायापासून किमान दहा फूट लांब.

रस्ता वर, घर खाली

जुन्या वसाहतींत हाच मुख्य आजार. बंगला बांधला तेव्हा गॅरेज रस्त्यापेक्षा फूटभर वर होतं. मग दर काही वर्षांनी जुनं डांबर न खरवडता वर नवा थर चढत गेला, काही ठिकाणी काँक्रीट झालं, आणि आज गाडी रस्त्यावरून घरात उतरते. घर आहे तिथेच आहे. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढा, अशी लेखी मागणी गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून प्रभाग कार्यालयात काम सुरू होण्याआधी द्यावी. डांबर पडल्यावर दिलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही.

आपल्या हद्दीत करण्यासारखं म्हणजे फाटकाच्या रेषेत उंचवटा. रस्त्याच्या पातळीपेक्षा चार इंच वर, दोन्हीकडे तीन-चार फुटांत उतरणारा. लहान गाड्यांचा तळ जमिनीपासून साधारण १६० ते १७० मिलिमीटर वर असतो, म्हणजे साडेसहा इंच. गाडी भरल्यावर त्यातला काही भाग जातो. तेव्हा उंचवटा टोकदार ठेवू नका, माथा फूटभर सपाट घ्या. आतला उतार आठास एकपेक्षा तीव्र नको, नाहीतर बंपर घासतो. फाटकाबाहेर पदपथावर रॅम्प चढवणं हे अतिक्रमण ठरतं. शिवाय त्याने पाणी शेजाऱ्याकडे वळतं.

उंचवट्याने रस्त्याचं पाणी थांबेल, पण आत पडणारा पाऊस आता बाहेर जाऊ शकत नाही. तो खड्ड्यात घेऊन पंपानेच काढावा लागतो. दोन फूट बाय दोन फूट, तीन फूट खोल खड्डा, त्यात फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा) पाण्यात बुडणारा पंप आणि बाहेर जाणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप. पाइपचं तोंड उंचवट्याच्या पलीकडे आणि गटाराच्या पाण्याच्या पातळीच्या वर हवं, नाहीतर तेच पाणी गोल फिरत राहतं. जोराच्या पावसात वीज जाते, हे गृहीत धरून पंप इन्व्हर्टरवर चालेल एवढाच घ्या. आणि मे महिन्यात बादलीने खड्डा भरून एकदा तो चालवून पाहा. आठ महिने पडून राहिलेला पंप जाम होतो.

नदीकाठची, ओढ्याकाठची किंवा सखल भागातली घरं असतील तर काढ-घाल करता येणाऱ्या फळ्या उपयोगी पडतात. दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी यू चॅनेल पक्के करायचे, त्यात ॲल्युमिनियमच्या किंवा १८ मिलिमीटर मरीन प्लायच्या फळ्या वरून सरकवायच्या, खाली आणि बाजूंना रबर. उंची दीड फूट पुरे. दोन फुटांपेक्षा जास्त पाणी अडवण्याचा हट्ट करू नये. तेव्हा धोका फळीला नसतो, भिंतीला असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तशा दिवसासाठी गॅरेज बांधता येत नाही, गाडी आधीच उंचावर नेऊन ठेवता येते.

आता शटर

रात्री आत टॉर्च लावा, शटर बंद करा आणि बाहेरून पाहा. जिथून उजेड दिसतो तिथून पाणी येणार. फरशी एका टोकाला खचली असेल तर रबराने फट भरायला जाऊ नका, आधी फरशी सरळ करा. तीन-चार सुतांपर्यंतची फट रबर झेपवतं.

ईपीडीएम रबराची पट्टी घ्या. स्पंज किंवा फोम पाणी पिऊन बसतो. शटरच्या खालच्या पट्टीला ती नट-बोल्टने लावा, नुसतं चिकटवलेलं रबर पहिल्या ओढीला निघतं. उन्हात ते कडक होऊन तडकतं, तेव्हा दर उन्हाळ्यात नखाने दाबून पाहा. घुशी-उंदीरही कुरतडतात. घुशींचा विषय निघालाच आहे तर: फरशीच्या कोपऱ्यात भोक दिसलं, तर ते पावसाळ्यात पाण्याचा नळ ठरतं. त्यात काचेचे तुकडे मिसळलेलं काँक्रीट ठासा.

झडीसाठी शटरवर किमान दोन फूट पुढे आलेला छज्जा हवा, आणि त्याच्या खालच्या कडेला पाणपट्टी, म्हणजे पाणी मागे न सरकता तिथेच गळून पडतं. मोसमी वारे पश्चिम-नैऋत्येकडून येतात, म्हणून पश्चिमेला तोंड असलेल्या शटरला दोन फूटही कमी पडतात. कोकणात पूर्वापार पडवीला झावळ्यांचे झाप बांधत आले, त्यामागचं शहाणपण हेच. आज पॉलिकार्बोनेटचा पत्रा किंवा ताडपत्री बांधा. हिरवी शेतीची जाळी झड थोपवत नाही.

भिंतीतून येणारी ओल

डोंगर कापून बांधलेल्या घरांत गॅरेजची मागची भिंत मातीला टेकलेली असते. आतून वॉटरप्रूफ रंग लावला की तो दोन पावसाळ्यांत पापुद्रे धरतो, कारण पाणी मागून ढकलतंय. उपाय बाहेरून करायचा. भिंतीमागे चर खणून छिद्रांचा पाइप, त्याभोवती खडी, खडीभोवती जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), आणि पाइप उताराने बाहेर काढलेला. मागे जागाच नसेल तर भिंतीच्या तळाशी पाणी बाहेर पडायला भोकं ठेवा आणि आतल्या बाजूने छोटी नाली काढून ते चरीत सोडा. अडवण्यापेक्षा वाट करून देणं स्वस्त पडतं. भेगा असतील तर व्ही आकारात कोरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे लवचिक राहणारं भरण, भरा. सिमेंटची नुसती पुट्टी हलणाऱ्या भेगेत राहत नाही.

तरीही पाणी आलंच तर

गॅरेजच्या फरशीत नाहणी ट्रॅप असेल तर पावसाळ्यापुरता तो बूच मारून बंद ठेवा. सॉकेट, इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जिंग पॉइंट आणि इन्व्हर्टर चार फुटांच्या वर घ्या, आणि गॅरेजच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन आपोआप तोडणारा स्विच) लावून घ्या. पाण्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद, आणि तो स्विच गॅरेजमध्येच असेल तर उतरूच नका.

वाळूच्या गोण्या वापरायच्या तर त्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश भरा. ठासून भरलेल्या गोण्यांमध्ये फटी राहतात. विटांसारखा सांधा मोडून रचा आणि पाण्याच्या बाजूने आधी प्लॅस्टिकचा कागद घाला.

गाडीची चाकं निम्म्याहून जास्त बुडाली असतील तर पाणी ओसरल्यावर चावी फिरवून पाहण्याचा मोह आवरा. हवेच्या वाटेने इंजिनात पाणी गेलं असेल तर त्या एका प्रयत्नात कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बुडालेली गाडी सुरू केल्यामुळे झालेलं हे नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही, इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. बॅटरीची तार काढा, पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ दिसेल असे फोटो काढा, आणि गाडी ढकलत किंवा क्रेनने वर्कशॉपला न्या.